महाराजांच्या तीन झग्यांची आणि खोळंबलेल्या काल्याची बखर

श्रीगोपाळकृष्ण समर्थ. ज्याने करंगळीवर डोंगर उचलून अवघे गोकुळ पावसापासून राखिले आणि त्या कामी कोणाकडून अंगरखा मागितला नाही, की कोणते वस्त्र आत आणि कोणते वर याची मसलत बसविली नाही, त्या गोविंदास आधी दंडवत. मग ज्या हरिदासांनी ओल्या अंगाने आणि रित्या पोटाने त्याचे नाव गाजते ठेविले त्यांच्या पायांस दंडवत. आणि मग साहेबांचे सेवेसी विनंती ऐसी जे, आज्ञा जाहली की अमुक राज्यी महाराजांची स्वारी भर पावसात डोंगर चढोन गेली, ते समयी पोशाखाचा बंदोबस्त कैसा केला, कोणी कोणते वस्त्र दिले आणि त्याचे फळ काय मिळाले, हे साद्यंत लिहावे. राज्याचे नाव लिहू नये ऐसे निक्षून सांगितले, ते योग्यच. कारण एकाचे नाव लिहिले तर शेजारची चार राज्ये आपलेच नाव गाळले म्हणोन रुसतील.

शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, श्रावण वद्य पक्ष. राजधानीच्या पश्चिमेस घाटमाथ्यावर मुरलीधराचा डोंगर आहे. वर लहानसे देऊळ, देवळापुढे दगडी मांडव, आणि भोवती धुके ऐसे की माणसास आपलाच हात ओळख देत नाही. तेथे दरसाल श्रावणात सप्ताह बसतो आणि गोकुळअष्टमीचे दुसरे दिवशी काल्याचे कीर्तन होते. कीर्तनास हरिदास मुकुंदबुवा उभे राहतात. बुवांचे वय ऐंशीच्या घरात, अंग काडीसारखे, परंतु चिपळ्या हाती आल्या म्हणजे त्याच काडीतून ऐसा सूर निघतो की मांडवातले लेकरूही रडायचे थांबून ऐकते. सप्ताहभर बुवा आणि डोंगरावरची मंडळी एक वेळच जेवतात आणि काल्याचे दिवशी तेही नाही. घरोघरचे पोहे, लाह्या, दही, लोणचे एका हंडीत कालवितात, ती मांडवात टांगतात, आणि गादीवरच्या धन्याने आपले हाताने फोडावी, मग तो प्रसाद आधी बुवांनी आणि मग सर्वांनी मुखी घालावा ऐशी चाल. हंडी फुटेपर्यंत कीर्तन थांबवायचे नाही, कीर्तन चाले तोवर हरिदासाने बसायचे नाही, आणि अस्तमानाच्या आत हंडी न फुटली तर काला दुसरे दिवसावर, उपास तैसाच पुढे. ही चाल कोणी घातली ते ठाऊक नाही. ज्याने घातली त्याने राजा वेळेवर येतो ऐसे गृहीत धरून घातली, एवढाच तिचा दोष.

गतसाली स्वारी निघाली ती निम्मे डोंगरी ओढ्यापाशी पोहोचली, तेथे महाराज भिजले, सरदार भिजले, आणि सर्वांनी मिळोन पाऊस चुकीचा ठरविला आणि मागे फिरले. वर बुवा अस्तमानापावेतो उभे राहिले, पुढचा दिवस उपाशी काढला, मग दरबाराने महाराजांच्या हातातले सोन्याचे कडे पालखीत घालून वर पाठविले आणि ते हंडीस टेकवून हंडी फोडिली. कड्यास पाऊस बाधत नाही म्हणोन ते पोहोचले. बुवा मात्र ज्वराने पडले ते कार्तिकापर्यंत उठले नाहीत. हे महाराजांचे मनी काट्यासारखे राहिले, कारण महाराज लहान असता ह्याच बुवांच्या मांडीवर बसोन झांज वाजवायला शिकले होते आणि बुवांनी त्यांस ताल चुकला म्हणोन कानही धरला होता. राज्यात महाराजांचा कान धरलेला माणूस तेवढा एकच.

महाराजांच्या आत्या अंबिकाबाई, ज्यांस सर्व आत्यासाहेब म्हणत, त्या थोरल्या महाराजांच्या धाकट्या भगिनी. कीर्तनाचे वेड ऐसे की राज्यात कोठेही मृदंगावर थाप पडली की ह्यांच्या वहाणा दारात सापडावयाच्या नाहीत. दरसाल त्या आपल्या पायांनी डोंगर चढत आणि काल्यास हजर राहत. ह्या साली श्रावण लागताच त्या सदरेवर आल्या आणि महाराजांस म्हणाल्या, “बाळराजे, तुम्हांस बोलावणे नव्हे, बजावणे आले आहे. बुवा आता मागल्यासारखे राहिले नाहीत. ह्या खेपेस तुम्ही ओढ्यावरून परतलात तर पुढले साली बोलावणारा राहायचा नाही.” महाराजांचे वय चाळिशीचे, परंतु आत्यासाहेबांपुढे ते बाळराजेच. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, “येतो. ह्या साली काही झाले तरी येतो. परंतु आत्यासाहेब, त्या पावसात अंगावर घालावे तरी काय?” आत्यासाहेब म्हणाल्या, “त्यात काय विचारायचे. अंगालगत पातळ घाला, घाम धरून न ठेवणारे, लवकर सुकणारे. त्यावर लोकरीचे, लोकर भिजली तरी ऊब सोडीत नाही. सर्वांवर मेणकापड, म्हणजे पाणी बाहेरचे बाहेर जाते. जोडा जुना, पायास सरावलेला. आणि माणसे थोडी.” एवढे बोलोन त्या निघून गेल्या. सल्ला विडा लावून होईतो संपला होता, आणि जो सल्ला इतक्यात संपतो तो राज्यकारभारात खरा मानण्याची चाल नाही. सबब मसलत बसविली.

मसलतीस तिघे मुख्य. एक सरलष्कर दमाजीराव, ज्यांच्या मिशा दोन्ही खांद्यांची विचारपूस करीत. दुसरे फडणीस नरहरपंत, ज्यांस कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू पटतात आणि दोन्हींचे आभार घेता येतात. तिसरे सुभानराव जामदार, महाराजांची वस्त्रे-भूषणे ज्यांच्या स्वाधीन. आता ह्या राज्यात ऐशी रीत की सरदाराने पोशाख नजर केला तर महाराजांनी तो अंगावर घ्यावा, न घेतला तर त्या घराण्याची अब्रू गेली. आणि घेतला तर कोठे घेतला, यावर घराण्याचे स्थान. दमाजीरावांनी बंदरावरून मेणकापडाचा झगा आणविला होता, उत्तम, पाण्याचा थेंब वरून घरंगळावा ऐसा. नरहरपंतांनी जाड लोकरीचा झगा नजर केला. सुभानरावांनी पांढऱ्या मलमलीचा, कडेस जरीचे मोर, आणि मोरांच्या डोळ्यांत मोती. अंगालगत घालावे म्हणोन आत्यासाहेबांनी सांगितलेले साधे पातळ वस्त्र कोणी नजर केलेच नाही; त्यात मान दिसेना.

मग दमाजीराव बोलिले, “मेणकापड सर्वांवर, ऐसे आत्यासाहेब म्हणाल्या. म्हणजे आमचे वस्त्र बाहेर. परक्यासारखे. आमचे आजे थोरल्या महाराजांच्या छातीस छाती लावून उभे राहिले आणि बाण अंगावर घेतला. धन्याच्या अंगालगतची जागा आमच्या घराण्याची आहे.”

सुभानराव म्हणाले, “घ्या की. आत घ्या. बाहेर आमचा राहील. रयतेने महाराजांकडे पाहावे तर काय पाहावे, मेणकापड? तेल चोपडलेल्या म्हशीसारखे दिसते ते.”

“म्हशीस पाऊस लागत नाही,” दमाजीराव म्हणाले.

“म्हशीस मुजराही कोणी करीत नाही,” सुभानराव म्हणाले.

तेव्हां नरहरपंत हात जोडून बोलिले, “दोघांचेही म्हणणे रास्त. आम्ही मधे राहू. दोहोंकडचे ऐकावे आणि कोणास दिसू नये, फडणिशी म्हणजे दुसरे काय असते.”

ऐसे ठरले आणि सर्वांस बहुत समाधान वाटले. मेणकापड अंगास, त्यावर लोकर, त्यावर मलमल. पुढे दमाजीरावांनी आपल्या झग्याच्या मनगटांस आणि कमरेस ऐशा दोऱ्या लाविल्या की आवळून बांधता थेंबही आत शिरू नये. आत्यासाहेबांनी हे ऐकिले आणि पुन्हा सदरेवर आल्या, आणि तिन्ही झगे हातात घेऊन पाहून म्हणाल्या, “म्हणजे पाणी आधी मलमल पिणार, मग लोकर पिणार, आणि आत मेणकापडात घाम कोंडणार. उलटे झाले हे.” दमाजीराव नम्रपणे म्हणाले, “क्षमा असावी, परंतु पाण्याने दरबारचा क्रम पाळावा की दरबाराने पाण्याचा?” आत्यासाहेब म्हणाल्या, “ते पाण्यासच विचारा. वर भेटेल.” महाराजांनी एकदा आत्यासाहेबांकडे पाहिले, एकदा तिघांकडे पाहिले. मनात काय होते ते मुखावर दिसत होते, परंतु तिघांच्या फौजा सरहद्दीवर होत्या आणि आत्यासाहेबांची फौज म्हणजे एक टाळ आणि एक तुळशीची माळ, सबब महाराज म्हणाले, “सर्वांचे मन राखावे.”

मग परीक्षा घेतली, कारण परीक्षेवाचून वस्त्र घेणे शहाणपणाचे नव्हे. तिन्ही झगे महाराजांचे अंगावर चढविले, महाराज सदरेवर गालिचावर उभे राहिले आणि तिघांनी चांदीच्या गुलाबदाण्यांनी त्यांवर गुलाबपाणी शिंपडिले. पाणी आत गेले नाही. वासही चांगला आला. मग वाऱ्याची परीक्षा म्हणोन दोघां हुजऱ्यांनी चवऱ्या ढाळिल्या. झगा हलला नाही. मग वाटेत विसाव्यास न्यायच्या तंबूची परीक्षा म्हणोन सदरेच्या छताखाली तंबू उभा केला, आणि तंबूत एक थेंब गळला नाही, तेव्हां त्याच्या कारागिरास शालजोडी दिली. जोड्याविषयी आत्यासाहेबांचे म्हणणे की नवा जोडा घाटात घालू नये, आधी पायांस सरावू द्यावा. हे मात्र दरबाराने मान्य केले, फरक इतकाच की नव्या जोड्यास सरावविणे हे धन्याचे काम नव्हे. तो मान कोणास द्यावा यावर बोलणे होऊन दमाजीरावांच्या जावयास दिला. जावई मोठा पराक्रमी गृहस्थ, पाय सुपासारखे. त्याने महाराजांचा जोडा घालून पंधरवडा राजधानीच्या रस्त्यांनी फेऱ्या घातल्या आणि जोडा उत्तम सरावला, म्हणजे जावयाच्या पायास.

काल्याचा दिवस उजाडला. पाऊस रात्रीपासून एकसारखा. आत्यासाहेब पहाटेच अंगावर जुने पातळ, वर घोंगडी, वर मेणकापडाची खोळ, पायी झिजक्या वहाणा ऐशा तयार होऊन ओसरीवर बसल्या आणि जप करू लागल्या. महाराजही स्नान करून तयार होते, परंतु पोशाख चढवायचा होता. झगा चढविताना त्या त्या सरदाराने स्वतः बाही धरावी, बाही धरण्यापूर्वी भाटाने त्याच्या घराण्याचे पवाडे म्हणावे, ऐसे तिघांचे म्हणून होईतो सूर्य, असता तर, चांगला वर आला असता. मग छत्रवाला, चवरीवाले, पानदानवाला, तंबूवाले, पीकदाणी धरणारा, आणि पाऊस कमी झाल्यास बसावे म्हणोन गालिचा ऐसे सर्व निघाले. आत्यासाहेब म्हणाल्या, “पीकदाणी कशास?” पानदानवाला म्हणाला, “विडा खाल्ला तर, आत्यासाहेब.” त्या म्हणाल्या, “अरे बाबा, धबधब्यातून चालला आहेस तू.”

पायथ्याची वाट पुरी होईपर्यंत मलमल पाणी पिऊन अंगास चिकटली आणि जरीचे मोर मान टाकून लोंबू लागले. मग लोकरीने प्यायला आरंभ केला. लोकर मोठी समाधानी वस्तू, तिला मिळेल तितके पाणी चालते. चढ लागला तैसा महाराजांस आत घाम सुटला, तो मेणकापडातून बाहेर जाईना. आणि वरून मानेच्या फटीतून पाऊस आत उतरला, तोही बाहेर जाईना, कारण मनगटी आणि कमरेस दमाजीरावांच्या दोऱ्या आवळलेल्या. त्या दोऱ्यांचे वर्णन करावे तितके थोडे. जे पाणी आत येऊ नये म्हणोन बांधिल्या, तेच आत आल्यावर त्यांनी एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. महाराजांच्या बाह्या कोपरापासून फुगत चालल्या आणि चालताना मोटेसारख्या हिंदकळू लागल्या. हुजऱ्यांनी पाहिले, परंतु धन्याच्या बाहीतून आवाज येतो ऐसे म्हणण्याची रीत नाही.

वाटेत खिंड आहे, तेथून एका वेळी एकच माणूस जातो. महाराज पुढे गेले. मग त्यांचे मागे कोण, यावर खिंडीच्या तोंडी स्वारी थांबली. दमाजीराव म्हणत अंगालगतचा, सुभानराव म्हणत दर्शनी, नरहरपंत म्हणत आपण आधी जाऊन निकाल देतो. तेवढ्यात वारा खिंडीतून आला आणि छत्र उलटे होऊन वर उठले, आणि छत्रवाला इमानी, दांडा सोडीना, तेव्हां तोही दोन हात वर उचलला आणि करवंदीच्या जाळीत ठेविला गेला. तंबूवाले त्यास काढायला थांबले, पानदान तेथेच सांडले, आणि गालिचाने इतके पाणी घेतले की चौघांनी तो खाली ठेवून दिला तो आजतागायत तेथेच आहे, आता त्यावर गवत येते. ह्या गडबडीत आत्यासाहेब सर्वांच्या बाजूने निघून, मान कोणाचा हे न विचारता, खिंड पार होऊन महाराजांशेजारी आल्या.

पुढे ओढा. गतसाली जेथून परतले तोच. पाणी गढूळ, कमरेइतके, आणि आवाज मोठा. मागून तिघे सरदार धापा टाकीत आले. दमाजीराव म्हणाले, “महाराज, पोशाख भिजला. भिजल्या पोशाखाने देवापुढे जाणे धर्मास धरून नाही.” सुभानराव म्हणाले, “मोरांची दशा पाहवत नाही.” नरहरपंत म्हणाले, “कडे पाठविण्याचा दाखला गतसालचा आहेच. पुढे जाणे उत्तम, आणि मागे फिरणेही उत्तम.” महाराज उभे राहिले. थंडीने दात वाजत होते. ओढ्याच्या आवाजातून तेवढ्यात वारा फिरला आणि वरून, धुक्यातून, मृदंग ऐकू आला. आत्यासाहेबांनी हात वर करून सर्वांस गप्प केले आणि कान दिला. मग सदरेवरची भाषा सोडून त्या भाच्याशी बोलिल्या, “ऐकलेस? लय उतरली आहे. बुवा कधी लय उतरवीत नाहीत. उभे राहवत नाही त्यांना.” महाराजांनी ओढ्यात पाऊल घातले, आणि जावयास सरावलेला जोडा पहिल्याच पावलास चिखलात राहिला, दुसरा दुसऱ्यास. आणि महाराज अनवाणी, आत्यासाहेबांचा हात धरून, पलीकडे गेले. तिघे सरदारही मग निघाले, कारण झगे पुढे चालले होते आणि झग्यांमागे जाणे हे कर्तव्य.

वर मांडवात काय चालले होते ते ऐकावे. मुकुंदबुवा सकाळच्या प्रहरापासून उभे. पूर्वरंग संपला, आख्यान संपत आले, हंडी डोक्यावर टांगलेली, खाली बायामाणसे, लेकरे, म्हातारे उपाशी बसलेले, आणि राजाचा पत्ता नाही. हरिदासाने थांबावे तर काला मोडतो. तेव्हां बुवांनी आख्यान ताणायला घेतले. गोपाळ यमुनातीरी शिदोऱ्या सोडायला बसले, हे चार शब्दांचे काम. बुवांनी एकेका गोपाळाची शिदोरी सोडली. एकाचे फडके कोणत्या लुगड्याचे होते ते सांगितले, त्याच्या आईने भाकरी थापताना शेजारणीशी काय भांडण केले तेही सांगितले, आणि लोक हसले म्हणोन त्यात शेजारणीची बाजूही सांगितली. पेंद्याची गाठ सुटता सुटेना. पाय कापत होते, मृदंगवाला डोळ्यांनी विचारी की बुवा बसता का, आणि बुवा चिपळीने त्यास ठोका दाखवीत की चाल पुढे. ह्याला कीर्तन म्हणतात. आम्ही पुष्कळ दरबार पाहिले, पुष्कळ उभे राहणारे पाहिले. दुसऱ्याच्या घासासाठी असे उभे राहणारा पाहिला तो तेथेच.

मग धुक्यातून महाराज मांडवात आले. लोक उठले. बुवांनी पाहिले आणि चेहऱ्यावर उजेड आला, परंतु कीर्तन मोडले नाही. पुजाऱ्याने महाराजांचे हाती वेळूची काठी दिली आणि हंडीकडे बोट केले. महाराजांनी हात वर करायला घेतला आणि हात वर होईना. बाही पाण्याने भरलेली, कोपराखाली मोठ्या घागरीएवढी लोंबत होती. दुसरा हात लाविला, तोही तैसाच. महाराजांनी जोर केला तेव्हां छातीवरचे पाणी मानेपाशी आले आणि तोंडावर उडाले, आणि काठी खाली पडली. मांडवात कोणी हसले नाही. बाहेर उजेड कमी होऊ लागला होता.

आत्यासाहेब म्हणाल्या, “काढ ते.”

महाराज तिघांकडे पाहू लागले. तिघे तोवर पोहोचले होते. सुभानराव म्हणाले, “महाराज, सर्वांवरचे आमचे. आधी आमचे उतरणार, तेही रयतेसमोर. त्यापेक्षा आमचे डोके उतरवावे.” नरहरपंत म्हणाले, “मधले राहू द्यावे, मधल्याने कोणाचे काय केले?” दमाजीराव म्हणाले, “दोघांची उतरवून आमचे ठेवावे, ते अंगालगतचे.” महाराज म्हणाले, “दमाजीराव, पाणी तुमच्यातच आहे.” दमाजीराव म्हणाले, “असेल, परंतु ते आत कसे आले याची चौकशी व्हायला हवी.” तिकडे बुवा गुडघ्यांत वाकले, मृदंगवाल्याने हात पुढे केला, आणि बुवांनी त्याच्या खांद्यास धरून स्वतःस सरळ केले. मग आख्यानातला सूर न सोडता, श्रीकृष्ण पेंद्याशी बोलतो ऐसे करून, महाराजांच्या डोळ्यांस डोळा लावून म्हणाले, “पेंद्या, गड्या, फडके सोडल्यावाचून आतले पोहे बाहेर कसे येतील? फडके कोणी दिले ते आम्हांस नको सांगू. आम्हांस भूक लागली आहे.”

मांडव खळखळून हसला. महाराजही हसले, त्या दिवशी प्रथम, आणि दोन्ही हात आत्यासाहेबांपुढे धरून म्हणाले, “गाठी सोडा.” आत्यासाहेबांनी दातांनी मनगटाच्या दोऱ्या सोडविल्या तेव्हां दोन्ही बाह्यांतून पाणी सुटले ते ऐन दमाजीरावांच्या पायांवर, आणि कमरेची सोडली तेव्हां तिघांच्याही. मग कोणाचा झगा आधी उतरवावा हा जो मोठा पेच, तो परमेश्वराने सोडविला. मलमल लोकरीस चिकटली होती, लोकर मेणकापडास, आणि मोरांची जर दोहोंत गुंतली होती. महाराजांनी मान खाली घालून ओढले, हुजऱ्यांनी खालून ओढले, आणि तिन्ही एकच गोळा होऊन डोक्यावरून निघाली. आत कोणते, मधे कोणते, वर कोणते, हे सुभानराव बोटाने शोधू लागले त्यांसही सांगता येईना. महाराज ओल्या धोतराने, उघड्या अंगाने, अनवाणी, थंडीने काळे-निळे पडलेले ऐसे उभे राहिले. काठी उचलिली आणि एका फटक्यात हंडी फोडिली. दही, पोहे, लाह्या अंगावर आल्या. बुवांनी तेव्हां गजर केला, चिपळ्या खाली ठेविल्या आणि जागच्या जागी बसले.

महाराजांनी काल्याचा पहिला घास ओंजळीत घेऊन बुवांच्या मुखापाशी नेला. बुवांस हात उचलवत नव्हता. त्यांनी घास खाल्ला, पुष्कळ वेळ चावला, आणि म्हणाले, “बाळ, गेल्या साली कडे आले होते. त्याला भरवता आले नाही.” महाराजांच्या डोळ्यांतून पाणी आले, ते ओल्या तोंडावर कोणास कळले नाही. आत्यासाहेबांनी आपली घोंगडी काढून दोघांच्या अंगावर मिळून टाकली आणि स्वतः हात धुऊन काला वाटायला बसल्या. लोक जेवले. सरदारही जेवले, आणि काला हातावर कोणत्या क्रमाने मिळावा ऐसे विचारणार होते, परंतु आत्यासाहेबांच्या हाती पळी होती म्हणोन विचारिले नाही.

राजधानीस आल्यावर मसलत बसली. तीन झग्यांचा गोळा सदरेवर मांडून तिघांनीही ऐसे सिद्ध केले की महाराज वर पोहोचले ते आपल्याच वस्त्राच्या बळावर, आणि हंडी फोडायला अडचण आली ती उरलेल्या दोहोंमुळे. नरहरपंतांनी निवाडा दिला की तिघेही खरे. गोळा जामदारखान्यात चंदनाच्या पेटीत ठेविला आहे. दसऱ्यास त्यास मुजरा होतो, आणि पेटी उघडिली की पुढली दोन माणसे मागे सरतात. पुढले साली महाराजांनी आत्यासाहेबांनी सांगितले तैसे वस्त्र, तैसाच जोडा, थोडीच माणसे ऐसे केले आणि दुपारीच वर पोहोचले. दरबारात मात्र त्याच साली नवा शिरस्ता निघाला: मागले साली धन्याने हंडी उघड्या अंगाने फोडिली, सबब डोंगर उघड्या अंगानेच चढणे हा खरा मान, आणि तिघे सरदार धोतरावर निघाले, त्यांत अधिक उघडे कोण यावर खिंडीत थांबले, ते तेथूनच शेकोटीस परतले. सुभानरावांस पडसे दिवाळीपर्यंत होते. बुवांनी त्यानंतरही काही साली काला उभा केला, पेंद्याची गाठ पुन्हा लांबवावी लागली नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले, जैसे पाहिले तैसे लिहिले. सारांश इतकाच: महाराज भिजले आणि बुवा जेवले, हा खरा मजकूर, बाकी सर्व मानाचा. लेखनसीमा.